टाकीत माणूस कशाने दगावतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोटीच्या टाकीत उतरलेला खलाशी गुदमरून गेला, अशी बातमी छापताना ‘विषारी वायूमुळे’ हा शब्द ठरल्यासारखा येतो. वाचणाऱ्याला वाटते, कुठून तरी गॅस गळला असणार. तेलाच्या किंवा रसायनांच्या टँकरवर तसे होतेही. पण कोळसा, लाकूड, भंगार वाहणाऱ्या साध्या मालवाहू बोटींवर पुष्कळदा गळतीबिळती काही नसते. आतला ऑक्सिजन संपलेला असतो, एवढेच.

तो संपवायला गंज पुरतो. एक किलो लोखंड पुरते गंजायला सुमारे ४३० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. १०० घनमीटरच्या बंद जागेत सगळा मिळून ऑक्सिजन असतो जेमतेम २७-२८ किलो. म्हणजे अठरा-वीस किलो लोखंड गंजले की २१ टक्क्यांचे १६ होतात. नांगराची साखळी पडून असते त्या चेन लॉकरमध्ये तर टनावारी लोखंड, तेही खाऱ्या पाण्याने भिजलेले. बोटीचा तोल राखायला समुद्राचे पाणी भरतात त्या, महिनोन्‌महिने न उघडलेल्या बॅलास्ट टाकीची तीच गत. अशा हवेला ना वास, ना रंग. १६ टक्क्यांच्या खाली माणसाची अक्कल मंदावते आणि ती मंदावली आहे हे त्याचे त्याला कळत नाही. पाच-सहा टक्क्यांच्या हवेत तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते, कारण तिथे रक्तातला ऑक्सिजन उलटा फुप्फुसात निघून जातो. हाक मारायचीही उसंत मिळत नाही.

२६ मे २०१४ रोजी इंग्लंडमधल्या गूल बंदरात ‘सुंटिस’ या बोटीवर तिघे जण असेच गेले. माल होता लाकूड, आणि लाकूडही ऑक्सिजन खाते. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने नंतर मालखणात उतरायच्या वाटेतली हवा मोजली. मेन डेकच्या पातळीला २०.९ टक्के, झाकणाच्या जरासे खाली १०, शिडीच्या तळाशी ५ ते ६. झाकण उघडून तोंडाशी हवा मोजायचा मीटर धरणाऱ्याला तिथे अगदी शुद्ध हवेचा आकडा मिळाला असता.

म्हणून हवा वर, मधे आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजायची. आत उतरण्याच्या लेखी परवान्यावर, म्हणजे परमिटवर, तीन रकाने असतात आणि ते भरलेलेही असतात. चुकते ते खालची हवा मीटरपर्यंत ओढणाऱ्या नळीपाशी. समजा नळी २० मीटरची आहे. ती खाली सोडल्या सोडल्या मीटरकडे बघितले तर नळीत आधीपासून भरलेली डेकवरची हवाच मोजली जाते आणि २०.९ चा आकडा झळकतो. तळाची हवा वर यायला वेळ लागतो. पंपाचा मीटर असेल तर नळीच्या दर मीटर लांबीमागे किती सेकंद थांबायचे, हाताने दाबायचा फुगा असेल तर किती वेळा दाबायचा, हे मीटरच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. नळी कुठे चिरली असेल तर जन्मभर २०.९ च दिसेल. तेव्हा खाली सोडण्याआधी टोकावर बोट दाबून पंप अडतो का, ते बघावे. दहा सेकंदांचे काम आहे.

दुसरी गफलत आकड्याच्या अर्थाची. बहुतेक मीटर १९.५ ला ओरडतात, त्यामुळे २०.२ आले की ‘पास’ म्हणून माणूस आत जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०११ च्या ठरावात आकडा २१ टक्क्यांचा आहे आणि तो उगीच नाही. २०.९ चे २०.२ झाले ते गंजाने झाले असतील तर फारसे बिघडत नाही. पण दुसऱ्या एखाद्या वायूने हवा ढकलून जागा घेतली असेल, तर तो वायू तिथे तीन टक्क्यांहून जास्त भरलेला आहे, म्हणजे ३० हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांतल्या भागांच्या) वर. तो कार्बन मोनॉक्साइड असला तर काय होईल हे सांगायला नको. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते. ‘वास गेला, आता ठीक आहे’ हे वाक्य बोटीवर सर्वांत महाग पडते. टँकरवाल्यांसाठी आणखी एक: ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर आतल्या आत तो वायू जाळून मोजतो. आग लागू नये म्हणून इनर्ट (निष्क्रिय) गॅस भरलेल्या टाकीत जाळायला ऑक्सिजनच नसतो, म्हणून तिथे तो शून्याजवळचा आकडा दाखवू शकतो.

आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत होती. ज्योत साधारण १६ टक्क्यांपाशी विझते, म्हणजे ती इशारा देईपर्यंत उशीरच झालेला असतो. विषारी वायू तिला ओळखता येत नाही आणि तेलाच्या टाकीवर तर तिचे नावही काढू नये.

आता वाचवायला जाणाऱ्यांविषयी. पहिला माणूस शिडीखाली पडलेला दिसतो, वरचा ‘पाय घसरला’ समजून धावत उतरतो, त्याच्यामागे तिसरा. मॅनहोलवर, म्हणजे आत उतरायच्या तोंडाशी, ज्याला उभे केले आहे त्याचे काम एकच: अलार्म देणे आणि जागा न सोडणे. हे कागदावर सगळ्यांना पाठ असते. परंतु खाली पडलेला त्याच्याच केबिनशेजारचा असतो, आणि वर दोरी, हार्नेस, हवेचा सिलिंडर काहीच तयार नसेल तर त्याने नुसते बघत उभे राहावे ही अपेक्षाच खोटी आहे. सामान मॅनहोलपाशी आधी आणून ठेवावे, मग परमिटवर सही. पळून बाहेर पडण्यासाठी दिलेला हवेचा छोटा संच, ज्याला बोटीवर ईईबीडी म्हणतात, साधारण दहा मिनिटांचा असतो. तो घालून कोणी आत जायचे नाही. गाळणीचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही, त्यामुळे इथे त्याचा उपयोग शून्य. मोठा सिलिंडर पाठीवर घेऊन मॅनहोलमधून माणूस जातो का, बेशुद्ध माणसाला हार्नेसने सरळ उभा वर ओढता येतो का, हे सरावातच कळते. असा सराव दर दोन महिन्यांनी करणे १ जानेवारी २०१५ पासून सोलास या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सक्तीचे आहे. मेसरूममध्ये (जेवणाच्या खोलीत) स्ट्रेचरवर कोणाला तरी झोपवून फोटो काढला की तो झाला, असे मानणाऱ्या बोटी आजही आहेत.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली कितीतरी मुले ओएस, एबी म्हणजे डेकवरचे खलाशी म्हणून बोटीवर जातात. त्यांनी परमिटवर एक गोष्ट जरूर बघावी: हवा मोजल्याची वेळ. सकाळी आठला मोजलेली हवा जेवणाच्या सुट्टीनंतर शिळी धरायची. ताजी हवा आत सोडणारा ब्लोअर बंद पडला तर सगळ्यांनी बाहेर यायचे, तो सुरू करून पुन्हा मोजायचे. शिवाय तळातला गाळ फावड्याने हलवला की त्यात अडकलेला वायू सुटतो, म्हणून खिशाला लावायचा मीटर आत शिरणाऱ्या प्रत्येकाकडे हवा.

मासेमारी ट्रॉलरना सोलासचा हा सरावाचा नियम लागू नाही. तिथल्या मासळीच्या खणात बर्फाचे पाणी आणि कुजलेली बारीक मासळी साचते, चार दिवस झाकण लागलेले असते, आणि धुवायला सगळ्यांत धाकट्या पोराला उतरवतात. निदान इतके व्हावे: आधी वरूनच पंप लावून घाण पाणी उपसावे, सगळी झाकणे उघडून ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडावी, उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस आणि त्याला दोरी, वर दोन माणसे. मच्छीमार सोसायट्यांनी बंदरागणिक एक-दोन चार-वायू मीटर (ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारे) भाड्याने द्यायला ठेवले तर बर्फ-डिझेलाच्या खर्चात तो बोजा जाणवणारही नाही.

आणि बातमीदारांना विनंती, पुढच्या वेळी ‘विषारी वायू’ लिहिण्याआधी तळाच्या रकान्यात कोणता आकडा आणि किती वाजताचा होता, एवढे विचारावे.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर, रत्नागिरी