परिषद झाली नाही म्हणून क्वाड संपला?

संपादक साहेब, नमस्कार.

क्वाडवर, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांच्या गटावर, आपल्या पेपरात जो लेख आला तो वाचला. त्यात सगळा भर एकाच गोष्टीवर, की नेत्यांची परिषद 2025मध्ये भारतात व्हायची होती ती झालीच नाही, वर ट्रम्पनी आपल्यावर 50 टक्के टॅरिफ लावला, म्हणजे क्वाडचा खेळ खल्लास. मला काही हे पटलं नाही. परिषद झाली नाही हे वाईटच झालं, पण आशियातल्या या गटांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला तर स्वतःला मित्र म्हणवणारे देश कायमच भांडत आलेत, आणि भांडण परिषदेत कधी होतच नाही हो, ते आधीच झालेलं असतं, बोलवायचं कोणाला यावरून, लग्नाच्या याद्या करताना होतं तसंच.

एपेकचं बघा, म्हणजे आशिया-प्रशांत भागातल्या देशांच्या आर्थिक सहकार्य गटाचं. जानेवारी 1989मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी सोलमध्ये भाषण करून हा विषय काढला, पण त्या भाषणात अमेरिकेचं नावच नव्हतं! ऑस्ट्रेलिया अमेरिकेचा इतका जवळचा मित्र आणि तरी हे असं. त्याच सुमारास जपानच्या व्यापार खात्यातही अशीच कल्पना शिजत होती आणि जपानचं म्हणणं होतं की अमेरिकेला बाहेर ठेवून चालणार नाही. शेवटी नोव्हेंबरात कॅनबेराला पहिली बैठक झाली तेव्हा 12 देशांत अमेरिका होती. मग पुढच्याच वर्षी मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांनी फक्त पूर्व आशियाचा वेगळा गट काढूया म्हटलं, त्यात अमेरिका नाही आणि ऑस्ट्रेलियाही नाही, तर तिकडे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर असे खवळले की कोरियाच्या मंत्र्याला त्यांनी आठवण करून दिली की तुमच्या देशासाठी रक्त आम्ही सांडलं, मलेशियाने नाही. जपान आणि कोरिया गप्प बसले आणि महाथीर यांची ती कल्पना तिथेच बारगळली.

1997चं आर्थिक संकट आलं तेव्हा तर जपाननेच आशियासाठी वेगळा नाणेनिधी काढायचा घाट घातला, अमेरिकेला आधी न विचारता. अमेरिकेच्या अर्थखात्यातले लॅरी समर्स जपानच्या अर्थखात्यातल्या साकाकिबारांवर फोनवरच भडकले, चीननेही साथ दिली नाही, आणि विषय संपला. म्हणजे चीन आणि अमेरिका एका बाजूला आणि जपान दुसऱ्या बाजूला, असंही झालंय. आजच्या टीव्हीवरच्या चर्चेत हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पण मला मुख्य सांगायचंय ते 2005चं, कारण त्यात आपण आहोत. पूर्व आशिया शिखर परिषद क्वालालंपूरला भरणार होती आणि चीन व मलेशियाचा आग्रह होता की आसियानचे, म्हणजे आग्नेय आशियाच्या संघटनेचे, 10 देश अधिक चीन, जपान, कोरिया एवढेच पुरेत. जपानला हे नको होतं, कारण त्या खोलीत चीनचं वजन फार पडलं असतं. सिंगापूर आणि इंडोनेशियालाही नको होतं. मग या तिघांनी लावून धरलं की भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड पाहिजेत. आता बोलवायचं तर नियम काय, तर आसियानच्या मैत्री करारावर सही पाहिजे. आपण ती 2003मध्येच बालीला करून ठेवली होती. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड मात्र सहीला तयारच नव्हते, अमेरिकेशी आमचा संरक्षण करार आहे त्याला बाधा येईल ही भीती, पण दार बंद होतंय म्हटल्यावर 2005मध्ये मुकाट्याने सही केली, वर लिहून घेतलं की आमचे जुने करार तसेच राहतील. डिसेंबरात 16 देशांची परिषद झाली. अमेरिका तेव्हा बाहेरच होती, तिने 2009मध्ये त्या करारावर सही केली आणि 2011मध्ये रशियाबरोबर आत आली. मधली सहा वर्षं तिचं म्हणणं त्या टेबलावर कोण मांडत होतं? जपान आणि ऑस्ट्रेलियाच की! मित्र आत असला की आपण बाहेर असूनही थोडे आत असतो, आणि भारताला तिथे खुर्ची मिळाली ती आपल्या मोठेपणामुळे कमी आणि या तिघांच्या खटपटीमुळे जास्त, हे आपल्याकडे कोणी बोलत नाही.

मित्र म्हणजे सगळं एकसारखं करणार असंही नाही. चीनने एआयआयबी ही आशियातल्या पायाभूत कामांना कर्ज देणारी बँक काढली तेव्हा अमेरिका सगळ्यांना सांगत सुटली होती की जाऊ नका, 2015मध्ये आधी ब्रिटन गेला, मग ऑस्ट्रेलिया आणि कोरियाही गेले, जपान तेवढा अमेरिकेबरोबर बाहेर राहिला. आपण तर तिथले दोन नंबरचे भागीदार. 2018ची वार्षिक सभा आपल्या मुंबईत झाली आणि मुंबई लोकलच्या एमयूटीपी-3 या प्रकल्पासाठी त्याच बँकेने 50 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. गलवान झालं तरी ही भागीदारी आहे तशीच आहे, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

क्वाड एकदा आधीच मेला होता हे पण आपल्या लेखात नव्हतं. मे 2007मध्ये मनिलाला चारही देशांच्या अधिकाऱ्यांची एक बैठक झाली, तिकडे जपानचे पंतप्रधान शिंजो आबे पायउतार झाले, आणि फेब्रुवारी 2008मध्ये ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री स्टीफन स्मिथ यांनी चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांना शेजारी उभं करून सांगून टाकलं की आम्ही परत अशी चौघांची बैठक सुचवणार नाही. आपल्याला ते झोंबलं आणि झोंबायलाच पाहिजे होतं. तरी 2017मध्ये परत मनिलातच चौघे बसले, अधिकारीच बसले, फोटो नाही की भाषणं नाहीत. 2025मध्ये सुद्धा परराष्ट्रमंत्री जानेवारीत आणि जुलैत असे दोनदा वॉशिंग्टनला भेटले, त्याची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर होती बहुतेक.

आरसेप या आशियाई देशांच्या व्यापार कराराबद्दल लिहिलं तर आमच्या भागातले दूधवाले मला बोलतील, न्यूझीलंडच्या दूध पावडरीची भीती खरी होती आणि 4 नोव्हेंबर 2019ला बँकॉकमध्ये आपण बाहेर पडलो तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. पण त्याच महिन्यात जपानचे उपमंत्री म्हणाले होते की भारताशिवाय सही करणार नाही, आणि वर्षभरात जपानने सही केली. रागवायचं कशाला, त्यांनी थांबून बघितलं, आपण हललो नाही. उरलेल्या 15 देशांनी भारतासाठी दार मात्र उघडं ठेवलं, बाकीच्यांना 18 महिने थांबायची अट आणि आपल्याला नाही. ही सवलत फुकट नाही मिळाली, कोणीतरी आपल्यासाठी शब्द टाकला असणार.

म्हणून विनंती, की पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एपेकबद्दल लिहा. नवीन सभासद घेण्यावरची बंदी 2010मध्ये उठली, जानेवारी 2015मध्ये ओबामा दिल्लीत आले तेव्हाच्या संयुक्त निवेदनात अमेरिकेने भारताच्या एपेकमध्ये येण्याच्या इच्छेचं स्वागत केलं होतं, तरी आपण अजून बाहेरच. 21 सभासदांत एकमत लागतं हे मान्य, पण त्या 21 पैकी किती जणांशी दिल्लीतून कोणी बोललं, जपान आणि ऑस्ट्रेलियाला आपण नक्की काय करायला सांगितलं, की काहीच सांगितलं नाही? एवढं जरी आपल्या दिल्लीच्या वार्ताहराने विचारून छापलं तरी पुष्कळ झालं.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली