महाधिवक्त्यांना 'मुदत' नसते

महोदय,

राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, बदलले की 'मुदतीआधीच राजीनामा' असा मथळा कुठे ना कुठे वाचायला मिळतोच. मुळात या पदाला मुदतच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 165 नुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेतोवर ती पदावर राहते. मर्जी म्हणजे अर्थातच मंत्रिमंडळाची.

न्यायाधीशांप्रमाणे 62 व्या वर्षी महाधिवक्त्यांनाही थांबावे लागते, हा समज तर वकिलांमध्येही आढळतो. तो वाद आमच्या नागपुरातच 1952 साली मिटला आहे. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होत. टी. एल. शेवडे यांना साठी उलटल्यावर महाधिवक्ता नेमले, म्हणून करकरे यांनी नेमणुकीला आव्हान दिले. नागपूर उच्च न्यायालयाने ते फेटाळले. निवृत्तीचे वय न्यायाधीशाने किती काळ पदावर राहायचे ते ठरवते. त्याचा पात्रतेशी संबंध नाही. पात्रतेला दहा वर्षांची उच्च न्यायालयातील वकिली पुरते.

म्हणूनच एच. एम. सीरवाई 1957 पासून 1974 पर्यंत, मधे राज्याचे विभाजन होऊनही, या पदावर राहू शकले. आणि श्रीहरी अणे यांना वेगळ्या विदर्भ-मराठवाड्यावरील वक्तव्यांच्या वादात मार्च 2016 मध्ये, काही महिन्यांतच, पद सोडावे लागले. सरकार बदलले की राजीनामा देणे हाही केवळ संकेत. 2017 मध्ये नेमलेले आशुतोष कुंभकोणी 2019 च्या सत्तांतरानंतरही कायम होते.

सामान्य माणसाचा या कार्यालयाशी संबंध येतो तो बहुधा न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणात, आणि तिथे मात्र मुदत आहे. फौजदारी अवमानासाठी (न्यायालयाची बदनामी किंवा न्यायदानात अडथळा) खासगी व्यक्तीला उच्च न्यायालयात जायचे तर 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम 15 नुसार आधी महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. कारवाई सुरू होण्यासाठी कलम 20 ने दिलेले एक वर्ष मात्र अवमान घडल्याच्या दिवसापासून मोजले जाते, संमती मिळाल्यापासून नव्हे. पुष्कळ जण दहाव्या-अकराव्या महिन्यात संमती मागतात आणि तिची वाट पाहण्यातच वर्ष सरते. कात्रण, तारीख आणि आक्षेपार्ह वाक्ये खूण करून पहिल्या महिन्यातच अर्ज द्यावा.

– एक वकील, नागपूर