पाटणादेवीला गोल फेरी मारायची तर आधी घड्याळ बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

श्रावण तोंडावर आला की आमच्या चाळीसगावात आणि पार जळगाव-धुळ्यापर्यंतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच मेसेज फिरायला लागतो, रविवारी पाटणादेवी, कोण कोण येतंय? जायलाच पाहिजे, आपल्या खान्देशात मे महिन्यात ४५ डिग्रीत भाजून निघालेल्या माणसाला एवढं हिरवंगार जंगल चाळीसगावपासून जेमतेम १८-२० किलोमीटरवर मिळतं, वर चंडिकादेवीचं दर्शन, हेमाडपंती महादेव मंदिर, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, १२०७ साली त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख इथलाच. पण हल्ली लोक नुसतं दर्शन घेऊन परत फिरत नाहीत, जंगलातून डोंगराच्या कडेकडेने गोल फिरून यायचं म्हणतात, आणि त्याची तयारी मात्र बागेत फिरायला जावं तेवढीच असते. म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात आम्ही घरचे अकरा जण गेलो होतो, त्यात चार पोरं. घरातून निघता निघता दहा वाजले, देवळात गर्दी, मग जेवण, असं करत जंगलात शिरलो तेव्हा दीड वाजून गेला होता. महादेव मंदिराकडून कण्हेरगडाच्या बाजूला चढलो, नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही कोरीव लेणी बघितली, फोटो झाले, आणि तिथे आमच्या भाऊजींच्या बुटाचा तळ टाचेपासून सुटून लोंबायला लागला. दोन वर्षं माळ्यावर पडलेले बूट, वरून नवेकोरे दिसत होते पण आतला गोंद वाळून गेलेला. माझ्या ओढणीची पट्टी फाडून बांधली आणि तसेच ते चालले. तेव्हाच मागे फिरायला पाहिजे होतं. पण सगळ्यांचं एकच म्हणणं, अर्धं तर झालंच आहे, आता पुढूनच जाऊ.

गोल वाटेचं हेच आहे. आल्या वाटेने परत जायचं असेल तर पुढे काय आहे ते माहीत असतं, कुठे घसरडं आहे, कुठे वाट फुटते. गोल वाटेत उरलेला अर्धा भाग तुम्ही बघितलेलाच नसतो, आणि तो नेमका पाय थकल्यावर आणि उजेड कमी झाल्यावर समोर येतो. त्यात पाटणादेवीच्या तीन बाजूंनी उंच कडे, दक्षिणेला तर भिंतच, त्यामुळे गावात ऊन असतं तेव्हा खाली दरीत अंधारायला लागलेलं असतं. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, जंगलात साडेचारलाच सावल्या पडतात.

आम्ही नाल्याशी आलो तेव्हा आमच्यावर पाऊस नव्हता. पाणी घोट्याएवढं, नितळ, खालचे गोटे दिसत होते. पोरं पाय टाकणार तेवढ्यात पलीकडून एक गुराखी बाबा ओरडले, "थांबा भो, वर पानी पडी ऱ्हायनं!" आम्ही थांबलो. दहा मिनिटांत पाण्याचा रंग बदलला, आधी काड्या आणि सुकी पानं वाहत आली, मग लालसर गढूळ लोट, आणि मघाशी दिसत होते ते गोटे गायब. दीड तास अंधारात बसलो, मोबाईलला रेंज नाही, टॉर्च एकच. ते बाबा पाणी उतरेपर्यंत थांबले आणि मग हात धरून एकेका पोराला पलीकडे नेलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पाटणादेवीकडून चाळीसगावात येणाऱ्या डोंगरी नदीत वरचं, घाटमाथ्यावरचं पाणी उतरतं, २०२१ च्या ऑगस्टअखेर तेच पाणी चाळीसगावात शिरलं होतं आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तरीसुद्धा डोक्यावर ऊन आहे म्हणून आपण नाल्यात उतरतो.

आता हिशोबाचं. सगळे विचारतात किलोमीटर किती, पण डोंगरातला किलोमीटर म्हणजे रस्त्यावरचा किलोमीटर नाही. स्कॉटलंडच्या नाइस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब सांगितला, ५ किलोमीटरला १ तास आणि वर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे १० किलोमीटरची फेरी आणि ३०० मीटर चढ असेल तर अडीच तास, पण हे न थांबता चालणाऱ्या दमदार माणसाचं. सोबत पोरं आहेत, आई आहे, फोटो आहेत, तर सरळ दुप्पट धरा, पाच तास. अंधाराच्या दोन तास आधी बाहेर यायचं ठरवून उलटं मोजा, आणि वाटेत अडलं तर हाताशी जास्तीचा वेळ ठेवा, म्हणजे सकाळी सात-आठलाच चालायला लागलं पाहिजे, आणि देवदर्शन परत आल्यावर निवांत करता येतं. पितळखोऱ्याची लेणी त्याच दिवशी जोडू नका, तो वेगळा दिवस.

परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा, बारा वाजेपर्यंत अर्ध्यावर पोहोचलो नाही तर आल्या वाटेनेच मागे, त्यावर चर्चा नाही. खड्या चढाचा, घसरडा भाग सकाळी चढताना घ्या, उतरताना तिथेच गुडघे आणि पाय जातात. पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबर हीटमध्ये तर त्याहून जास्त, लिंबू-मीठ-साखर घ्या, दशम्या आणि चटणी घ्या, त्या दिवसभर टिकतात. अत्तर, स्प्रे मारून जाऊ नका आणि कड्याखाली धूर करू नका, आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा नाही. हे गौताळा अभयारण्य आहे, बिबट्याचं घर आहे, लहान पोरांना पुढे पळू देऊ नका. आणि घरी एकाला तरी सांगून जा की कोणत्या बाजूने जातोय आणि किती वाजेपर्यंत फोन येईल, नाही आला तर ११२ ला कळवायचं.

वन विभागाला माझी हात जोडून विनंती आहे की वाट सुरू होते तिथे एक मोठा फलक लावा, त्यावर नकाशा, वाटा फुटतात ती ठिकाणं, नाले कुठे ओलांडावे लागतात आणि अमुक वाजल्यानंतर फेरीला जाऊ नये हे मोठ्या अक्षरात. शिवाय एक रजिस्टर ठेवा, आत जाणाऱ्याची वेळ आणि बाहेर आल्याची वेळ दोन्ही लिहून घ्या आणि संध्याकाळी कुणाची बाहेर आल्याची नोंद नाही ते बघा. हे श्रावणातल्या पहिल्या रविवारच्या आत झालं तर बरं होईल.

आपली नियमित वाचक,
चाळीसगाव, जि. जळगाव