मातीतील नाणी आणि प्रबोधनकाळातील पदके

मा. संपादक महोदय,

युरोपच्या प्रबोधनकाळाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा चित्रांविषयी आणि संगमरवरी पुतळ्यांविषयी. त्याच काळातील ब्राँझच्या व्यक्तिपदकांचा उल्लेख क्वचितच होतो. तळहातावर मावणारे हे शिल्प एका दरबारातून दुसऱ्या दरबारात भेट म्हणून जाई, त्यामुळे मला ते त्या युगाचे सर्वांत बोलके काम वाटते.

या कलेचा आरंभ पिसानेल्लो या चित्रकाराने १४३८-३९ च्या सुमारास केलेल्या बायझंटाइन सम्राट आठवा जॉन याच्या पदकापासून मानतात. त्याच्या पुढील बाजूस उंच टोपी घातलेल्या सम्राटाचा एका अंगाने दिसणारा चेहरा व कडेने बिरुदे आहेत, तर मागील बाजूस वाटेवरच्या क्रुसापुढे घोड्यावरूनच प्रार्थना करणारा तोच सम्राट आहे. ही मांडणी रोमन सम्राटांच्या सेस्टर्शियस या मोठ्या नाण्यांवरून आली. मात्र नाणी ठशाने पाडली जात, आणि पिसानेल्लो मेणात नमुना घडवून त्यावरून धातू ओतवून घेई. त्याच्या पदकांतील उठावाचा मऊपणा त्यातूनच आला. पदकावर तो ‘चित्रकार पिसानो याची कृती’ अशी लॅटिनमध्ये सहीही करी.

त्याच्या आधी जवळजवळ शतकभर इटलीत रोमन नाणी जमवली जात होती. कवी पेत्रार्कने १३५४ मध्ये सम्राट चौथा चार्ल्स याला अशी नाणी भेट दिली आणि त्यांवरील राजांचा कित्ता गिरवावा असे सांगितले. रोमच्या द्राक्षमळ्यांत खणणारी माणसे मातीत सापडलेले नाणे घेऊन पेत्रार्ककडे येत आणि त्यावरचा चेहरा कोणाचा, हे विचारत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. ती नाणी परस्पर वितळवली गेली असती, तर पिसानेल्लोपुढे कोणता नमुना राहिला असता?

आमच्या भागात तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला आणि तो अभ्यासकांपर्यंत पोहोचला, म्हणून विदर्भावरील त्या राजवटीचा इतिहास अधिक स्पष्ट झाला. तरीही नांगरटीत निघालेली नाणी वजनावर विकली जातात, ही मोठी खंत आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हे गावात फारसे कोणाला ठाऊक नाही. आपल्या दैनिकाने उन्हाळी नांगरटीपूर्वी ही माहिती तालुका पानावर ठळकपणे छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, मंगरुळपीर तालुका, जि. वाशीम