पाणी ओसरल्यावरचे पाच महिने

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

१२ मे ला नर्स दिनाचा लेख वाचला, चांगलाच होता, पण दरवर्षी तोच नाईटिंगेलबाईंचा दिवा हो. अमेरिकेतल्या क्लारा बार्टन ह्या नर्सबाईवर कधी चार ओळी आल्या नाहीत म्हणून म्हटलं आपणच लिहू.

ह्या बाईने नर्सिंगचा कोर्सबिर्स काही केला नव्हता. ११ वर्षांची असताना भाऊ छपरावरून पडला, त्याची दोनेक वर्षं सेवा केली, तीच तिची ट्रेनिंग. नंतर मास्तरीण झाली, शाळा वाढवली तर डोक्यावर हेडमास्तर म्हणून पुरुष आणून बसवला, तो पण जास्त पगारावर, तिने सोडली शाळा. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ ला, अँटिएटमच्या लढाईत एका जखमी सैनिकाला सांभाळत होती तेव्हा गोळी तिच्या बाहीतून आरपार गेली अन् तो सैनिक जागीच गेला. युद्धानंतर बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांची ६३,००० च्या वर पत्रं आली, बाईने २२,००० हून जास्त जणांचा पत्ता लावून दिला. १८८१ ला अमेरिकन रेडक्रॉस काढली तेव्हा वय ५९, आपल्याकडे तोवर रिटायर होऊन माणूस पारावर बसतो.

पण मला लिहायचंय ते अमेरिकेतल्याच जॉन्सटाऊन गावाबद्दल. ३१ मे १८८९ ला मातीचं धरण फुटलं, २,२०९ माणसं गेली. बाई पाच दिवसांत तिथे पोचली आणि पाच महिने हलली नाही, बेघरांना राहायला मोठी लाकडी घरं उभी केली, पार ऑक्टोबरपर्यंत.

आम्ही चाळीसगावचे. २०२१ ला तितूर-डोंगरी नद्यांचा पूर आला, तारीख ३१ च, ऑगस्टची. दोन दिवस गाड्या आल्या, बिस्किटपुडे आले, फोटो निघाले, मग सगळं सामसूम. चिखल मात्र घरातच, पायांना जखमा, पोरं तापलेली, अन् गल्लीत रोज येत होती ती एकटी आरोग्य सेविका, पिशवीत गोळ्या आणि क्लोरिन घेऊन. आमची माय तिला म्हणायची, "बहिन, पानी उतरनं, आते तू बी घर जाय." ती हसायची आणि पुढच्या दाराला जायची. तिचा फोटो कुठेच आला नाही.

तर साहेब, पुन्हा असं काही झालंच तर तुमचा वार्ताहर पहिल्या दिवशी नाही आला तरी चालेल, पण दिवाळीच्या आसपास एक चक्कर मारायला सांगा त्याला.

आपला एक जुना वाचक,
चाळीसगाव, जि. जळगाव