बाबा, डॉक्टरांना मी सगळं सांगितलंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा "मी ठणठणीत" म्हणतात आणि आई बाल्कनीत जाऊन कुजबुजते की रात्रभर डोळ्याला डोळा नाही, म्हणून लिहितेय. काल मी डॉक्टरांना फोन केला. सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतं, ओटीपोटात कळ येते, लघवीसाठी घातलेल्या नळीच्या बाजूने गळतं आणि पायजमा ओला होतो म्हणून कोणी आलं की बाबा आतल्या खोलीत जाऊन बसतात, सगळं सांगितलं. रागवा हवं तर. पण नानांच्या वेळी पण आपण "होईल बरं" म्हणत बसलो होतो ना.

बाबा, हे मनाचे खेळ नाहीयेत हो. नळी निसटू नये म्हणून आत तिच्या टोकाला पाण्याने फुगवलेला फुगा असतो, तो मूत्राशयाला टोचत राहतो, मग मूत्राशय त्याला बाहेर ढकलायला आवळतं, तीच कळ आणि गळतं पण त्यानेच. अशा वेळी कुंथायचं नाही. त्यावर गोळी असते, डॉक्टरांनी दिलीय, चिठ्ठी आईला पाठवलीय. तोंड कोरडं पडेल, पोट जड होईल, आणि पोट साफ नसलं की कळा वाढतात, म्हणून पपई, भाज्या खायच्या. गोळीने गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं.

आणि सोमवारपासून सकाळी एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, येणार आहेत. ठरवून टाकलंय. मी हिंजवडीहून सदाशिव पेठेत पोचेपर्यंत निम्मा दिवस जातो, आईचे गुडघे हे असे, आणि मुलीने लघवीची पिशवी रिकामी केलेली तुम्हाला आवडत नाही हे मला कळतं, खरंच कळतं. पेपर आणि दुसरा चहा झाल्याशिवाय बेल वाजवायची नाही असं बजावलंय त्यांना. पैशांचा विषय नको.

माझा हात मोडला होता तेव्हा प्लास्टरमध्ये खाज सुटायची आणि तुम्ही रात्री पुठ्ठ्याने वारा घालत बसायचात, "रड की मोठ्याने, कोण ऐकतंय" म्हणायचात. मग आता तुम्ही का गप्प, बाबा?

आई, नळी मांडीला पट्टीने नीट बांध, थोडी सैल ठेवून, ओढ बसली की जास्त दुखतं. पिशवी कायम कमरेच्या खाली पण फरशीवर टेकवायची नाही. डेटॉल लावत जाऊ नकोस, साधा साबण आणि पाणी बास. बाबा, पिशवी भरते म्हणून पाणी कमी पिऊ नका, उलट जळजळ वाढते. चहा मात्र दोनच.

लघवी येणं थांबलं, गुठळ्या दिसल्या, थंडी वाजून ताप आला, तर रात्री २ वाजता सुद्धा फोन करायचा. आणि चिडून नळी ओढायची नाही बाबा, तो फुगा आत तसाच असतो.

पिशवीला कापडाचं कव्हर शिवून आणतेय रविवारी, म्हणजे पत्त्यांची मंडळी आली तरी बाहेर बसता येईल. रंग कुठला हवा ते कळवा, नाहीतर आईच्या जुन्या साडीचं शिवेन.

तुमची,
चिमी