फोनला कुलूप, सिमकार्ड मात्र उघडं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतीचे दिवस जवळ आले की आपल्या अंकात गर्दीतल्या मोबाइलचोरीच्या बातम्या वाढतात. लालबागची रांग असो, विसर्जनाची मिरवणूक असो की संध्याकाळची कर्जत लोकल, बातमीचा साचा ठरलेला : अमुक हजारांचा मोबाइल लंपास, अज्ञाताविरुद्ध गुन्हा दाखल. किंमत लिहिली जाते ती फोनची. फोनच्या कडेच्या कप्प्यात बसलेलं नखाएवढं सिमकार्ड कुणाच्याच हिशेबात नसतं. बँकेतल्या पैशांपर्यंत पोचायची वाट मात्र तिथूनच जाते.

चोराच्या जागी बसून बघा. फोनला बोटाचं, चेहऱ्याचं किंवा आकड्यांचं कुलूप आहे. ते उघडण्याच्या भानगडीत तो पडतच नाही. कडेच्या बारीक भोकात टाचणी घालून तो सिमकार्ड बाहेर काढतो आणि स्वतःच्या फोनमध्ये घालतो. त्यावरून स्वतःच्याच दुसऱ्या फोनला एक रिंग दिली की तुमचा नंबर त्याला कळला. इथून पुढे तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे येतात. यूपीआयचं ॲप नव्या फोनवर सुरू करायलाही त्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, आणि सिम आता त्याच्याच हातात आहे. राहता राहिला यूपीआय पिन. तो नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत संपण्याचा महिना-वर्ष आणि ओटीपी एवढंच लागतं. काही बँका एटीएमचा पिनही विचारतात, सगळ्या नाही. दुसरा मार्ग आधारचा. तिथे आधार क्रमांकाचे पहिले सहा अंक आणि ओटीपी पुरतात.

आता फोनच्या कव्हरमागे काय काय खोचलेलं असतं ते आठवा. एटीएम कार्ड, आधारची लॅमिनेट केलेली छोटी प्रत, रेल्वेचा पास, एखादी पाचशेची नोट. पाकिटासारखी उघडणारी कव्हरं तर मुद्दाम याच सोयीसाठी विकली जातात. म्हणजे कुलूपही दिलं, किल्लीही दिली, आणि दोन्ही एकाच हातात. या पत्रातलं बाकी काही जमलं नाही, तरी कव्हरमागचं कार्ड आज काढून वेगळ्या खिशात ठेवा.

सिमकार्डाला स्वतःचं कुलूप असतं, ही गोष्ट सिम विकणारे गॅलरीवाले, म्हणजे मोबाइल कंपनीचे दुकानदार, सांगत नाहीत. त्याला सिम पिन म्हणतात. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिन टाकल्याशिवाय चालत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग सुरक्षा किंवा ‘सुरक्षा आणि प्रायव्हसी’, मग ‘आणखी सुरक्षा सेटिंग्ज’, आणि त्यात ‘सिम कार्ड लॉक’. कंपनीगणिक नावं थोडी इकडेतिकडे होतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘सिम’ टाकलं की सरळ सापडतं. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मोबाइल डेटा, सिम पिन. ते चालू करताना फोन आधी जुना पिन विचारतो. आपण कधीच ठेवलेला नसतो, तरी कंपनीने घालून दिलेला असतो. बहुधा १२३४, काही सिममध्ये ००००. इथेच लोक फसतात. अंदाजाने तीन वेळा चुकीचा पिन टाकला की सिम अडतं आणि पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक मागतं. तो सिमच्या मूळ प्लास्टिकच्या कार्डावर छापलेला असतो किंवा कंपनीच्या ग्राहकसेवेकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद. म्हणून अंदाज बांधत बसू नका, कंपनीला फोन करून सुरुवातीचा पिन विचारून घ्या. तो लागू झाला की लगेच बदला, आणि नवा पिन जन्मतारीख किंवा फोनच्या कुलपाचाच आकडा ठेवू नका. दोन सिम असतील तर दोन्हींना वेगवेगळा द्या. बँकेला जोडलेलं सिम आधी.

याची एक खोड आहे, ती आधीच सांगितलेली बरी. सिम पिन प्रत्येक वेळी फोन बंद करून चालू केल्यावर विचारला जातो. रात्री फोनने आपोआप अपडेट घेतला आणि स्वतःच पुन्हा सुरू झाला, तर सकाळी तुम्ही पिन टाकेपर्यंत त्यावर कॉल येणार नाहीत. आईवडिलांच्या फोनला हे लावून द्याल तेव्हा त्यांना हे समजावून सांगा. नाहीतर ‘फोन बिघडला’ म्हणून दुकानात जाणं आणि तिथे तीनदा चुकीचा पिन पडणं ठरलेलं. ई-सिम असलेल्या फोनमधून काढून घ्यायला कार्डच नसतं, एवढी त्यांची बाजू भक्कम.

काही चोऱ्यांत फोन उघडाच हाती लागतो. लोकलच्या दारात उभं राहून बोलणाऱ्याच्या हातावर रुळांलगतचा माणूस काठीचा फटका मारतो, ही त्यातली सर्वांत क्रूर तऱ्हा. फोन वाचवायला किंवा मागे उडी मारायला जाऊन माणसं जिवाला मुकली आहेत. दारात फोन बाहेर काढायचाच नाही, याला पर्याय देणारं ॲप अजून निघालेलं नाही. मागून येऊन हातातला फोन हिसकावणाऱ्या दुचाकीस्वारांविरुद्ध मात्र फोनमध्येच काही सोयी आहेत. अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांत सेटिंग्जमधल्या ‘गुगल’ या भागात चोरीपासून संरक्षण असा पर्याय येतो. तो चालू असेल तर हिसका आणि पाठोपाठ पळण्याची हालचाल ओळखून पडद्याला स्वतःहून कुलूप लागतं. दर वेळी ओळखेलच अशी खात्री नाही, पण चालू ठेवण्यात तोटाही नाही. आयफोनमध्ये आयओएस १७.३ पासून चोरीच्या फोनसाठी वेगळं संरक्षण आहे : घर किंवा कचेरीसारख्या ओळखीच्या जागेपासून दूर असताना ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट लागतं, आणि वर एक तास थांबावं लागतं.

यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमध्ये आधी पैसे भरून ठेवायचं छोटं पाकीट, वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्यात १,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये भरता येतात. उघड्या फोनमधली ती शिल्लक म्हणजे खिशातली रोकडच. गर्दीत जाताना दोनशे-तीनशेपेक्षा जास्त ठेवू नये. बंद पडद्यावर एसएमएसचा मजकूर दिसत असेल तर तोही लपवा, नाहीतर कुलूप न उघडताही ओटीपी वाचता येतो.

फोन गेल्यावर पहिलं काम कोणतं, यावर जाणकारांतही मतभेद दिसतात. कारण सरळ आहे. सिम बंद केलं की फोनचं इंटरनेट तुटतं, मग दुरून फोनला कुलूप घालण्याचा किंवा नकाशावर शोधण्याचा आदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही. सिम चालू ठेवलं तर ओटीपी चोराकडे. माझ्या मते याचं उत्तर सिम पिनवर ठरतं. पिन लावलेला असेल तर आधी सोबत्याच्या फोनवरून गुगलच्या ‘फाइंड हब’ या फोन शोधायच्या सोयीवर, किंवा आयफोन असेल तर ॲपलच्या आयक्लाउडवर जाऊन फोनला कुलूप घाला, मग सिम बंद करा. पिन नसेल तर आधी सिम, क्षणाचाही विचार नको.

सिम बंद करायलाही अडचण येते. १९८ हा ग्राहकसेवेचा क्रमांक त्या-त्या कंपनीच्याच जाळ्यात लागतो. शेजारच्या प्रवाशाचा फोन दुसऱ्या कंपनीचा असेल तर १९८ त्याच्या कंपनीकडे जातो. म्हणून आपल्या कंपनीचा पूर्ण आकडी क्रमांक कागदावर असावा. तसंच दुसऱ्याच्या फोनवर गुगल खातं उघडायला गेलं की गुगल खात्री पटवायला चोरीला गेलेल्याच फोनकडे बोट दाखवू शकतं. यासाठी खात्याच्या सुरक्षा भागातून आठ आकडी दहा बॅकअप कोड आधीच काढून ठेवता येतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. आयक्लाउडवर फोन शोधायला असा दुसरा कोड लागत नाही.

दोन चुका टाळा. अँड्रॉइड फोनमधलं सगळं दुरून पुसलं की तो नकाशावर दिसणं बंद होतं, म्हणून पुसणं शेवटी. आणि आयफोन ॲपलच्या खात्यातून कधीही काढून टाकू नका. काढला की चोराला तो नव्यासारखा वापरता येतो. ‘तुमचा फोन सापडला, ठिकाण पाहायला इथे दाबा’ असा मेसेज काही दिवसांनी येऊ शकतो. तो तुमचा पासवर्ड काढून घेण्यासाठीच असतो.

सिमनंतर बँक. कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून घ्या. या वेळेला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात, पण ते तिथून काढले जाण्याआधी.

नवं सिम त्याच दिवशी मिळतं, पण त्यावर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. नियमच तसा आहे, आणि सिम बदलून होणारी फसवणूक रोखायला तो योग्यच आहे. लोक मात्र सिम खराब निघालं म्हणून पुन्हा गॅलरीत जातात. कॉल चालू असतात, त्यामुळे व्हॉट्सॲप परत मिळवताना एसएमएसऐवजी कॉलने कोड मागवा. व्हॉट्सॲपमध्ये सहा आकडी दुहेरी पडताळणी आधीच लावलेली असावी. ती नसेल आणि चोराने स्वतःची लावली, तर तुम्हाला सात दिवस वाट पाहावी लागते. नंबर परत तुमच्या हाती येईपर्यंत तुमच्या मावशीकडे आणि मेहुण्याकडे ‘अर्जंट पैसे पाठव’ असे निरोप जाऊन पोचतात.

पोलिसांकडे जाताना ‘मोबाइल गहाळ’ अशी नोंद घेण्यावर समाधान मानू नये. खिशातून काढला तर ती चोरी, आणि भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला कलम ३०४ स्वतंत्र आहे. गुन्हा आमच्या हद्दीतला नाही, हे कारणही चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. रेल्वेतल्या चोरीची फिर्याद लोहमार्ग पोलीस घेतात, रेल्वे सुरक्षा दल नव्हे. लांब पल्ल्याच्या गाडीत असाल तर प्रवास तोडण्याचं कारण नाही. टीटीई, गार्ड किंवा गाडीतल्या बंदोबस्ताकडे फिर्यादीचा छापील अर्ज असतो.

फिर्यादीची प्रत, ओळखपत्र आणि फोनचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाती असला की दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरच्या सीईआयआर या सरकारी यंत्रणेत फोन बंद करायचा अर्ज भरता येतो. ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम मुंबईतच सुरू झाली, मे २०२३ पासून देशभर आहे. बंद केलेला फोन भारतातल्या कोणत्याच कंपनीच्या जाळ्यावर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातलं तर पोलिसांना माग मिळतो. अर्जातला ओटीपी घरातल्या कुणाच्याही नंबरवर मागवता येतो, त्यामुळे नव्या सिमच्या २४ तासांसाठी थांबायची गरज नाही. दोन सिमच्या फोनला आयएमईआयही दोन असतात, दोन्ही भरा. ते *#०६# दाबून पडद्यावर दिसतात, खोक्यावर आणि बहुधा बिलावरही असतात. फोन गेल्यावर *#०६# दाबायला फोन नसतो, एवढंच. सुटे भाग करून विकलेल्या फोनपुढे ही यंत्रणा हतबल आहे, हेही खरं.

मोबाइल कंपन्यांनी सिम विकतानाच पिन लावून द्यावा आणि स्थानकांवर ‘आपल्या सामानाकडे लक्ष द्या’ या घोषणेत ‘सिमला पिन लावा’ हे एक वाक्य वाढवावं, अशी माझी मागणी आहे. ती पुरी होईपर्यंत आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. उत्सवाच्या आठवड्यात कापून खिशात ठेवता येईल अशी एक रिकामी चौकट रोज छापावी. तीत जागा असावी दोन आयएमईआय, मोबाइल कंपनीचा आणि बँकेचा पूर्ण क्रमांक, दोन गुगल बॅकअप कोड आणि घरातल्या दोघांचे नंबर यांसाठी, कारण बायकोचा किंवा मुलाचा नंबर हल्ली कुणालाच तोंडपाठ नसतो. पिनसाठी रकाना मुळीच नको. आणि चौकट राशिभविष्याच्या शेजारी द्यावी, ते सगळेच वाचतात.

आपला,
एक वाचक, डोंबिवली